शुक्रवारातली मंडई आणि आपलं फाटक

संपादक मंडळाने "काका, स्मरणिकेसाठी जुन्या पुण्यावर काहीतरी लिहा" असं सांगितलं, तेव्हा मी लगेच होकार दिला. निवृत्त माणसाला लिहायला बसवणं सोपं असतं, उठवणं अवघड. आपल्या चिटणीसांना हे ठाऊक असावं, कारण जाता जाता त्यांनी पानांची मर्यादाही सांगून टाकली.

विषय मात्र शोधावा लागला नाही. आपल्या सोसायटीतले बरेच ज्येष्ठ सभासद पेठांमधून कोथरूडला आलेले आहेत. कोणी शनिवारातले, कोणी नारायणातले, कोणी कसब्यातले. मी शुक्रवारातला, मंडईच्या मागचा. आमच्या वाड्याच्या गच्चीवरून मंडईचा मनोरा दिसायचा, आणि गच्चीवर न जाताही मंडई कुठे आहे ते वासावरून कळायचं. सकाळी मेथी-कोथिंबिरीचा वास, दुपारी पिकलेल्या पेरूचा, आणि रात्री उरलेल्या कोबीच्या पानांचा. नोकरीतल्या बदल्या सोडल्या तर पन्नाशीपर्यंत मी तिथेच राहिलो. मंडईवरच लिहिण्याचं आणखी एक कारण आहे, पण ते शेवटी सांगतो.

बागांची पेठ

आज मंडईच्या आसपास मुंगीला वाट मिळत नाही. पण तिथल्या जागांची नावं बघा: तुळशीबाग, बेलबाग. ही खरोखरीच्या बागांची नावं आहेत. शुक्रवार पेठ अठराव्या शतकात जिवाजीपंत खासगीवाल्यांनी वसवली. तिचं जुनं नाव विसापूर. खासगीवाल्यांच्या जागा आणि बागा या भागात होत्या. नारो आप्पाजी खिरे नावाचा एक गरीब मुलगा त्यांच्या पदरी आला. पूजेसाठी बागेतून तुळस आणून देणं हे त्याचं पहिलं काम, अशी आख्यायिका आहे. हा मुलगा पुढे कर्तबगारीवर पुण्याच्या सुभेदारीपर्यंत चढला, आणि १७६१ साली त्याने त्या तुळशीच्या बागेत राममंदिराचं काम सुरू केलं. लोक त्याला तुळशीबागवाले म्हणू लागले. जवळच बेलबागेत नाना फडणवीसांनी विष्णूचं मंदिर बांधलं.

बाग म्हटली की पाणी आलं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने शहरात पाणी आलं आणि पेठापेठांत हौद झाले. पाण्यामुळे वस्ती वाढली, वस्तीमुळे देवळं वाढली, आणि देवळाच्या दारात फुलवाली, बुक्केवाला, समया-निरांजनांचं दुकान हे ओघाने आलंच. पुण्यात बाजार देवाच्या आधाराने वाढला, आणि कधीकधी देवाला नावही बाजाराने दिलं. बुधवारातल्या विठोबासमोर पासोड्या विकायला बसत, म्हणून तो पासोड्या विठोबा. विठ्ठलाने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

या सगळ्यात भाजीबाजार मात्र इथे नव्हता. तो भरायचा शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात. १८१८ साली पेशवाई गेली, १८२८ साली वाड्याच्या आत आग लागून इमारती जळाल्या, आणि जिथे एके काळी घोडेस्वार उभे राहत त्या जागी टोपल्या मांडल्या गेल्या. बाजार उघड्यावर. उन्हात पालेभाजी कोमेजायची, पावसात गिऱ्हाईक आणि विक्रेता दोघेही चिखलात. १८८० च्या सुमारास पुणे नगरपालिकेत पक्की मंडई बांधायचा विषय आला तो या पार्श्वभूमीवर.

एका ठरावाची गोष्ट

मंडईचा इतिहास सांगताना बहुतेक जण इमारतीपासून सुरुवात करतात. मला त्याआधीचं भांडण जास्त महत्त्वाचं वाटतं.

महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईवर मोठी रक्कम खर्च करायला त्यांनी विरोध केला. त्यांच्या बाजूने हरी रावजी चिपळूणकर उभे राहिले. बाकी सभागृह दुसऱ्या बाजूला.

आता कोणाला वाटेल की फुल्यांना बाजाराचं काय कळत होतं? उलट, त्या सभागृहात बाजार सर्वांत जास्त त्यांनाच कळत असणार. घराणं माळ्याचं, फुलांच्या धंद्यामुळे फुले हे नाव पडलेलं. स्वतः त्यांनी बांधकामाची कंत्राटं घेतली होती आणि भाजीपाल्याचा व्यापारही केला होता. टोपली डोक्यावर घेऊन पहाटे शहरात येणारा शेतकरी त्यांच्या घरचा माणूस होता. 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक त्यांनी लिहिलं तेही याच वर्षांत, १८८३ च्या आसपास. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी मागितलं काय, तर सामान्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण, तेही सक्तीचं. त्यामुळे मंडईच्या खर्चावर त्यांचा आक्षेप सरळ होता. शहराकडे पैसा आहे तर तो आधी शाळांवर खर्च करा. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर नगरपालिकेने खर्च करायलाही त्यांनी असाच विरोध केला होता.

दुसरी बाजूही खोटी नव्हती, हे सांगायला हवं. चिखलात बसून भाजी विकणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर असावं असं वाटणाऱ्यालाही आपण चूक म्हणू शकत नाही. शहराचं आरोग्य, स्वच्छता, गर्दीची शिस्त या गोष्टी खऱ्याच होत्या. शेवटी मतं मोजली गेली, विरोध हरला, आणि शुक्रवार पेठेत खासगीवाल्यांच्या जागेवर मंडई उभी राहिली.

इमारत मात्र देखणी झाली, यात वाद नाही. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्यातून आठ दिशांना निघालेले आठ पाखे, उंच उतरती कौलारू छपरं आणि दगडी कमानी. कुठल्याही दरवाजाने आत शिरा, शेवटी मधल्या चौकात पोहोचता. वारा आरपार खेळतो, त्यामुळे मे महिन्यातही आत गारवा असतो. लहानपणी मी या आठ पाख्यांमध्ये दोनदा हरवलो होतो, आणि दोन्ही वेळा लिंबूवाल्या आजीने मला बरोबर घरी पोहोचवलं. ड्यूक ऑफ कनॉट यांच्या हस्ते १८८६ साली उद्घाटन झालं आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून नाव पडलं 'रे मार्केट'. पुणेकरांनी हे नाव पाटीवर ठेवलं आणि तोंडात मंडईच राहू दिली.

पुतळा एकाचा, नाव दुसऱ्याचं

पुढची गंमत अशी की या बाजारावर शहरातल्या प्रत्येक पक्षाने हक्क सांगितला. जिथे रोज सगळं गाव येतं, तिथे आपला माणूस दिसावा असं कोणाला वाटणार नाही? मंडई मंडळाचा शारदा-गजानन १८९४ पासूनचा. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर त्यांचा पुतळा मंडईत बसवायचं ठरलं, आणि १९२४ साली पंडित मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. आजही अनंत चतुर्दशीची मुख्य मिरवणूक या पुतळ्याला हार घालून निघते.

लगेच पुढच्या वर्षी, १९२५ साली, केशवराव जेध्यांनी नगरपालिकेत विषय आणला: महात्मा फुल्यांचाही पुतळा उभारा. त्यावरून पुण्यात असा काही वाद पेटला की वर्तमानपत्रं, पत्रकं, सभा, शिवीगाळ, सगळं झालं. ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर हे दोन तट तेव्हा किती टोकाला गेले होते ते त्या काळची पत्रकं वाचली की कळतं. आमच्या वाड्यातले एक आजोबा त्या वादाबद्दल बोलायला लागले की बायका मुलांना आत बोलवायच्या, इतकी त्यांची भाषा तिखट.

आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत आले, तेव्हा रे मार्केटचं नाव बदललं. नवं नाव: महात्मा फुले मंडई. ज्या इमारतीच्या खर्चाला ज्या माणसाने विरोध केला, त्याच माणसाचं नाव त्याच इमारतीला! काही जण याला विनोद समजतात. मला तो विनोद वाटत नाही. मंडई कोणाची, हा प्रश्न ज्याने विचारला, त्याचंच नाव दारावर लागलं, तर दारातून आत जाणाऱ्या प्रत्येकाला तो प्रश्न निदान दिसतो तरी. आज टिळकांचा पुतळा आणि फुल्यांचं नाव एकाच आवारात आहे, आणि दोघांच्या साक्षीने वांगी विकली जातात.

पावशेर

माझ्या आठवणीतली मंडई १९५५-६० पासूनची. तेव्हा शेर, अच्छेर, पावशेर चालू होतं. मग किलो आले. वजनं बदलली तेव्हा मंडईत महिनोन् महिने रोज भांडण. बायकांना वाटायचं गाळेवाला लुबाडतोय, गाळेवाल्याला वाटायचं सरकार लुबाडतंय. शेवटी तोडगा मंडईनेच काढला: अडीचशे ग्रॅमला पावशेर म्हणायचं. सरकार खूश, आई खूश. माझी नात अजून "पावशेर मटार" म्हणते. तिला शेर म्हणजे काय ते माहीत नाही.

गाळ्यात बसणारे आणि बाहेर बसणारे, असे मंडईत दोन वर्ग. आत छपराखाली महापालिकेच्या परवान्याचे गाळेवाले. बाहेर, पाख्यांच्या मधल्या जागेत आणि रस्त्याच्या कडेला, पोत्यावर बसणाऱ्या बाया. त्यांच्याकडे लिंबू, मिरची, कढीपत्ता, आलं, रानभाज्या. माल थोडा, वाटे करून मांडलेला. आतला माणूस तराजूने विकायचा, बाहेरची बाई नजरेने. पहाटे घाऊक बाजार: हडपसर, मांजरी, पुरंदरकडून आलेला माल, अडत्यांची ओरड, हमालांच्या डोक्यावर पाट्या. तेवढ्या अरुंद जागेत बैलगाडी, हातगाडी, सायकल आणि माणूस कसे मावायचे हे मला कधीच कळलं नाही, पण मावायचे.

हमालांबद्दल एक ओळ लिहिलीच पाहिजे. नाना पेठ, भवानी पेठेतल्या घाऊक बाजारात शंभर-शंभर किलोची पोती पाठीवर वाहणारी माणसं म्हातारपणी कंबर मोडून रिकाम्या हाताने गावी जात. डॉ. बाबा आढावांनी १९५० च्या दशकात त्यांची हमाल पंचायत बांधली. पुढे १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, आणि हमालालाही भविष्यनिर्वाह निधी असू शकतो ही गोष्ट कागदावर आली. आम्ही बँकवाले ज्या सवलती गृहीत धरतो, त्या मिळवायला या माणसांना रस्त्यावर उतरावं लागलं.

१९७० आणि ८० च्या दशकांत घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. ते गरजेचंच होतं. मालमोटारी पेठेत शिरत नव्हत्या आणि शिरल्या तर निघत नव्हत्या. पण बाजार गेला तेव्हा पेठेतली पहाटही गेली. चहाची दुकानं, दोरीवाले, टोपल्या विणणारे, पाट्या दुरुस्त करणारे, हे लोक मार्केट यार्डात गेले नाहीत. ते कुठे गेले, हे आम्ही कोणी विचारलं नाही.

माझ्या हातचा एक शेरा

आता मला स्वतःबद्दल थोडं सांगावं लागणार. १९६९ च्या जुलैमध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि बँकेचं दार सामान्य माणसाला उघडलं, असं आम्ही म्हणायला लागलो. १९७२ साली गरिबांसाठी ४ टक्के व्याजाची विभेदक व्याजदर योजना आली. मी त्यानंतर काही वर्षांनी अधिकारी झालो. शाखा मंडईपासून चालत दहा मिनिटांवर. मला वाटलं, आता आपल्या माणसांचं काम करता येईल.

एक दिवस आमच्या शाखेत मंडईबाहेर बसणारी एक बाई आली. मी तिला ओळखत होतो. आई तिच्याकडून मिरची-कोथिंबीर घ्यायची. तिला पाचशे रुपये हवे होते. ती रोज सकाळी सावकाराकडून नव्वद रुपये घ्यायची आणि संध्याकाळी शंभर परत करायची. ज्यांना हिशेब करायचा असेल त्यांनी करावा. दिवसाला नव्वदावर दहा रुपये. वर्षाचा व्याजदर काढला तर गणकयंत्रही लाजेल. आणि माझ्या टेबलावर ४ टक्क्यांची योजना पडलेली.

मी तिच्याकडे कागद मागितले. परवाना? नवऱ्याच्या नावावर होता, तो वारला, नाव बदललेलं नव्हतं. राहण्याचा पुरावा? खोली भाड्याची, पावती दिराच्या नावाची. जामीनदार? शेजारी बसणारी लिंबूवाली, तिच्याकडेही कागद नाही. मी नियमाप्रमाणे शेरा लिहिला: "कागदपत्रे अपुरी." अक्षर माझं चांगलं होतं. साहेबांनी त्याखाली सही केली. मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं, हे आजही सांगतो.

संध्याकाळी घरी आईला सहज सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "तुझे वडील आजारी होते तेव्हा त्या बाईने आपल्याला चार महिने भाजी उधार दिली. एक कागद मागितला नाही." आणि लाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेलो. दिराकडून पत्र आण, महापालिकेत वारस नोंदवू, मी बरोबर येतो, असं सांगितलं. ती हसली. "राहू द्या साहेब, कामाचा दिवस मोडतो," म्हणाली. नेहमीप्रमाणे पिशवीत चार काड्या कोथिंबीर जास्त टाकली. काही वर्षांनी माझी बदली झाली. परत आलो तेव्हा तिच्या जागेवर दुसरं कोणी बसत होतं.

पुढे मी बँकेत बरीच कर्जं मंजूर केली. त्यातली किती बुडली आणि किती फिटली, सांगू शकतो. पण त्या एका न दिलेल्या कर्जाचा हिशेब माझ्याकडे अजून उघडा आहे. मंडईचा इतिहास वाचायला मी निवृत्तीनंतर बसलो तो या उघड्या खात्यामुळे. आणि मग फुल्यांचा तो विरोध वाचून थांबलो. इमारत बांधू नका, एवढंच ते म्हणत नव्हते. इमारत बांधायच्या आधी ती ज्यांच्या नावाने बांधताय त्यांना काय हवंय ते विचारा, असा मला त्याचा अर्थ लागला. छप्पर झालं, गाळे झाले, परवाने झाले. आणि ज्यांच्याकडे परवाना नव्हता ते बाहेर पोत्यावर बसले. त्यांना कोणी हाकललं नाही. नियमांमध्ये त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. माझ्या शाखेतल्या अर्जातही नव्हता.

एका माणसाला कागद नसला म्हणजे त्याची पत नसते, असं नाही. मंडई दीडशे वर्षं पतीवरच चालली. कोण कोणाला किती देणं लागतो हे लोकांना तोंडपाठ असायचं. हे सगळं चांगलंच होतं असं मी म्हणत नाही. सावकारही तिथलाच होता, आणि तोही तोंडपाठच हिशेब ठेवायचा. पण उधारीची ती साखळी तुटली तेव्हा तिच्या जागी आपण काही दिलं का, हा प्रश्न उरतोच.

आपलं फाटक

आता ते राहिलेलं कारण.

आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. आपल्यातल्या जुन्या सभासदांना आठवत असेल, इमारतीचं बांधकाम चालू होतं तेव्हा इथे दुकान असं नव्हतंच. गवंडी आणि बिगारी लोकांना भाजी विकायला एक बाई येऊन फाटकाच्या जागेजवळ बसायची. फाटक तेव्हा नव्हतं. म्हणजे आपल्या फाटकापेक्षा ती जुनी. आपण राहायला आलो, ती आपली भाजीवाली झाली. मुलं तिला मावशी म्हणत मोठी झाली, त्यातली काही परदेशात गेली. २०२० सालच्या टाळेबंदीत तिने आणि तिच्या मुलाने प्रत्येक मजल्याच्या पिशव्या वेगळ्या करून फाटकाशी ठेवल्या होत्या. पैसे महिन्याने दिले तरी चालले. तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यात मीही होतो.

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय आला: फाटकाजवळची जागा मोकळी करावी, महापालिकेला तसं पत्र द्यावं. कारणं खरी आहेत. गाड्या आत-बाहेर करताना अडचण होते, कचरा पडतो, पावसाळ्यात पाला कुजतो. जे सभासद हे बोलले ते माझे मित्र आहेत आणि मला त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. शनिवारवाड्यासमोरच्या चिखलाबद्दल बोलणाऱ्यांच्या हेतूबद्दलही मला शंका नाही. विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला आहे.

कायद्याचं म्हणाल तर २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी केंद्राचा कायदा झाला. त्यात विक्रेत्यांची नोंद करायची, प्रमाणपत्र द्यायचं, जागा ठरवून द्यायची आणि तोवर उठवायचं नाही, अशी तरतूद आहे. म्हणजे या देशाने कागद नसलेल्यांसाठी शेवटी एक रकाना केला, जो माझ्या टेबलावरच्या अर्जात नव्हता. आपल्या मावशींची नोंद झाली आहे का? मी विचारलं. अर्ज केला होता म्हणे, पण कागद अपुरे निघाले. हे वाक्य मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलं, आणि या वेळी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने.

म्हणून पुढच्या सभेत माझा ठराव असा असेल. पत्र द्यायचंच असेल तर पहिलं पत्र मावशींच्या नोंदणीसाठी द्यावं. अर्ज मी भरतो. चाळीस वर्षं अर्ज तपासले, एक भरून बघतो. राहण्याचा पुरावा, ओळखीचं पत्र, आणि "आम्ही यांना पंचवीस वर्षं ओळखतो" असं सोसायटीच्या शिक्क्याचं पत्र. फाटकाच्या डाव्या बाजूला भिंतीलगत तीन फूट जागा मोकळी आहे, तिथे त्या बसल्या तर गाड्यांना अडथळा नाही. मी फीत लावून मोजली आहे. कचऱ्याची बादली सोसायटीने द्यावी, रिकामी त्यांनी करावी. ठराव हरला तर हरला. नगरपालिकेत फुल्यांचा हरला, तिथे माझी काय कथा!

अलीकडे मी मेट्रोने मंडईला गेलो. सप्टेंबर २०२४ मध्ये तो भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत सुरू झाला, त्यामुळे आता बसमधली घुसमट नाही. जिना चढून वर आलो, समोर तोच मनोरा. वाड्याच्या जागी सात मजली इमारत आहे, खाली दुकानं. मंडईत शिरलो, मटार घेतले, बाहेर पोत्यावर बसलेल्या एका मुलीकडून मिरची घेतली. शंभराची नोट दिली, तर तिने गळ्यातलं मोबाइलचं चित्र पुढे केलं. मला ते वापरता येत नाही, आणि सुटे पैसे तिच्याकडे नव्हते. "राहू द्या आजोबा, पुढच्या वेळी द्या," ती म्हणाली. मी कुठे राहतो, पुन्हा कधी येणार, काही विचारलं नाही.

दहा रुपये देणं आहे. पुढच्या आठवड्यात जाऊन देऊन येतो.

सर्वसाधारण सभेला अवश्य या. गणसंख्येअभावी ती दर वर्षीसारखी अर्धा तास तहकूब होऊ नये, एवढीच विनंती.